प्लंबरचे आडनाव नको, काम विचारा

आपल्या समाजातील नोकरदार वर्गाने कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन घरे बांधली, फ्लॅट घेतले. ही अभिमानाची बाब आहे. घर घेताना आम्ही जमिनीची कागदपत्रे तपासतो, बँकेच्या कागदांवर वीस ठिकाणी सह्या करतो. मात्र त्याच घराच्या भिंतीत पाईप गाडून जाणारा माणूस कोण, तो काम कुठे शिकला, याची चौकशी कोण करतो? कुणाला वॉचमनने पाठवलेले असते, कुणाला हार्डवेअरवाल्याने. दोनशे रुपयांची घासाघीस झाली की काम सुरू!

इतरांना कशाला बोला, आम्ही स्वतःच यात फसलो आहोत. आम्ही वकिली करतो. पक्षकाराला रोज बजावतो की, बाबा रे, कागद आण. तीन वर्षांपूर्वी आमच्या बाथरूमचे काम काढले तेव्हा विहारात नेहमी दिसणारा एक होतकरू मुलगा प्लंबिंग करतो असे कळले. समाजाचा मुलगा आहे, त्यालाच काम द्यायचे, असे आम्ही ठरवून टाकले. त्याचे जुने काम पाहिले नाही, खर्चाचा अंदाज लिहून घेतला नाही, सामानही त्यालाच आणायला सांगितले. आठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे. "वकीलसाहेब, आमच्या छताला ओल आलीय."

टाईल्स फोडल्या तेव्हा उलगडा झाला. गीझरच्या गरम पाण्याच्या लाईनलाही पांढरा यूपीव्हीसी पाईप टाकलेला होता. तो थंड पाण्याचा पाईप. गरम पाण्याला फिकट पिवळसर सीपीव्हीसी लागतो आणि तो जोडायचे सोल्युशनसुद्धा वेगळे असते. उष्णतेने सांधा नरम पडला आणि पाणी झिरपत राहिले. हातात बिल नाही, पावती नाही, लिहिलेली एक ओळ नाही. असा पक्षकार आमच्या टेबलासमोर आला असता तर आम्ही त्याला चांगलेच फैलावर घेतले असते. खालच्यांचे छत आम्ही आमच्या खर्चाने करून दिले. तो मुलगा लबाड नव्हता हेही सांगितले पाहिजे. एका मिस्त्रीच्या हाताखाली राहून तो जेवढे शिकला तेवढेच त्याला येत होते. चूक आमची होती. त्याचे काम न पाहता आम्ही त्याची ओळख पाहिली.

समाजाबाहेर हाच प्रकार उलट्या बाजूने चालतो आणि त्याची किंमत आपली मुले मोजतात. आयटीआयमधून प्लंबरचा कोर्स केलेली मुले आमच्याकडे येतात, सांगतात, "सर, काम विचारायच्या आधी आडनाव विचारतात." गच्चीवरच्या टाकीचे काम मिळते, पण स्वयंपाकघरातल्या सिंकचे काम दुसऱ्याला जाते. हे दुखणे जुने आहे. पण त्यावर उतारा म्हणून आपणही आडनाव पाहूनच माणूस निवडायचा काय? त्याने त्या मुलाचेही भले होत नाही. त्याला कोणी चूक दाखवत नाही, मग तो सुधारणार कसा?

मग पाहायचे काय? आमच्या मते पहिली गोष्ट म्हणजे दोन पावसाळे उलटलेले त्याचे एखादे काम. नवे बाथरूम सगळ्यांचेच चकाचक दिसते. ज्याच्या घरी काम केले त्याला विचारा की तक्रार झाल्यावर हा माणूस फोन उचलतो का. आयटीआयचे प्रमाणपत्र जरूर पाहा, परंतु केवळ कागद नाही म्हणून जुन्या हाताला बाद करू नका. ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यातून, विशेषतः पट्टामुंडई भागातून गेलेल्या प्लंबरांनी देशभरातील शहरांत काम केले आहे. त्यांच्या कित्येक पिढ्या एकमेकांच्या हाताखालीच शिकल्या. महापालिकेच्या पाइपलाइनवरून नवीन जोडणी घ्यायची असेल तर मात्र परवानाधारक प्लंबर लागतो का, हे पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात आधी विचारून घ्यावे.

दुसरे, तो काय विचारतो ते ऐका. चांगला प्लंबर आल्याआल्या भाव सांगत नाही. टाकी किती उंचावर आहे, गीझर कुठे बसणार, खालच्या मजल्याची लाईन कुठून जाते, असे विचारतो. नहाणी ट्रॅपला उतार किती मिळेल हे तो फरशी बसण्याआधी पाहतो. भिंत बंद करण्याआधी लाईनला हातपंपाने दाब देऊन तपासू का, असे तुम्ही विचारले आणि तो हसला, तर त्याला चहा पाजून निरोप द्या. भिंत उघडी असतानाच मोबाईलवर पाईपचे फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

सामान शक्यतो आपण स्वतः, आपल्या नावाच्या बिलावर घ्यावे. पाईपवर आयएसआयची खूण पाहावी. मजुरी किती, कशाची, केव्हा द्यायची, हे साध्या वहीच्या पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पैसे घेऊन केलेले काम ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवा आहे. सेवेत कसूर झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही. पण कागद नसेल तर आयोग तरी काय करणार? आणि एक सांगतो, रागावू नका. मॉलमध्ये निमूट पैसे मोजणारे आपले साहेब लोक घाम गाळणाऱ्याच्या मजुरीतून शंभर रुपये कापताना फुशारकी मारतात. चळवळीत वावरणाऱ्याला हे शोभत नाही.

आता खरी कसोटी. प्लंबरला पहिल्याच भेटीत विचारा, "सेप्टिक टाकी भरली, चेंबर तुंबला तर तुम्ही काय करता?" "माणूस आणतो, उतरवतो, हजार रुपये द्या," असे उत्तर आले तर तो कितीही कसबी असो, त्याला घरात घेऊ नका. नळ जोडणारा तो मिस्त्री आणि टाकीत उतरणारा तो नुसता 'माणूस'! तो कोणत्या वस्तीतून आणला जातो हे या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो जास्त झाला की वासही येईनासा होतो. आत गेलेला कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो.

२०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार अशा धोकादायक सफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामाला लावता येत नाही. 'माणूस प्लंबरने आणला, आम्हाला काय माहीत' ही सबब आमच्यासारखा वकीलही कोर्टात मांडायला कचरेल. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गोवंडीत २०१९ साली एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख द्या आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये शासनाला बजावले. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारात झालेल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. गेलेला माणूस त्याने परत येत नाही.

आमच्या भागात ड्रेनेज लाईन अजून आलेली नाही, सोसायटीची टाकीच आहे. गेल्या वर्षी ऐन पावसात ती तुंबली. बाथरूमच्या प्रकरणानंतर आम्ही पारखून घेतलेला प्लंबर आला, झाकण उघडून लांबूनच पाहिले आणि म्हणाला, "जयभीम सर. हिला गाडीच लागेल. माणूस मी आणणार नाही." सेक्रेटरींनी दुसऱ्या कोणाला तरी फोन लावायला घेतला, तो आम्ही लावू दिला नाही. पालिकेची मैला उपसणारी गाडी तिसऱ्या दिवशी आली. तोवर तळमजल्यावरची कुटुंबे शेजारच्या बिल्डिंगमध्ये जात होती आणि जिन्यात आमच्या नावाने बरेच काही बोलले जात होते. प्लंबरने पाहणीचे तीनशे रुपये घेतले आणि न मागता पावती फाडून दिली. ती आमच्या फाईलला लावलेली आहे.