वाटीत कोणते तेल?

वसुबारस जवळ आली की आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात अभ्यंग तेलाच्या बाटल्या ओळीने मांडल्या जातात. एकीवर अठरा वनस्पतींची नावे, दुसरीवर बत्तीस. दर्शनी बाजूला अश्वगंधा, मंजिष्ठा, चंदन यांची चित्रे. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली की खरी गोष्ट कळते. काहींवर मूळ तेल म्हणून तिळाचे नाव असते, तर काहींवर ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ असते, म्हणजे खनिज तेल. बत्तीस वनस्पतींचा थोडा थोडा अर्क आणि बाकी सगळे पॅराफिन.

खनिज तेल विषारी नाही, हे आधीच सांगायला हवे. ते खवट होत नाही, त्याची ॲलर्जी क्वचितच येते, त्वचेतले पाणी ते धरून ठेवते. पण गिऱ्हाईक ते विकत घ्यायला आलेले नसते. ते आजीच्या वाटीतले तेल शोधत असते. म्हणून आमचे मत असे, की निरोगी माणसाने स्वतःच्या हाताने अंगाला लावायचे तेल निवडताना पहिला प्रश्न मूळ तेलाचा विचारावा. कोणत्या बियांचे, कधी गाळलेले, कसे ठेवलेले? वनस्पतींचा प्रश्न त्यानंतरचा. हे मत सगळ्यांना पटणार नाही आणि न पटण्याला सबळ कारणेही आहेत.

आधी ग्रंथ. ‘तैल’ हा शब्दच तिळापासून आला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्नेहांचा विचार करताना सर्व तेलांत तिळाचे तेल बल आणि स्निग्धता देण्यात श्रेष्ठ म्हटले आहे. रोज तेल लावणाऱ्या शरीराला तिथे तेल मुरलेल्या घागरीची, चामड्याची आणि गाडीच्या आसाची उपमा आहे. वाग्भटाने अभ्यंग रोजच्या दिनचर्येत घातला आणि डोके, कान व पाय यांना तेल विशेष लावायला सांगितले. त्याच ठिकाणी त्याने मनाईही घातली: कफाने ग्रासलेल्याने, नुकतेच शोधन झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने अभ्यंग करू नये. बाटलीवर ही मनाई कधी छापलेली दिसत नाही.

आज सर्रास सांगितला जाणारा तक्ता असा: वाताला तीळ, पित्ताला खोबरेल, कफाला मोहरी. तो अगदीच निराधार नाही. कोरड्या, थंडीने फुटणाऱ्या अंगाला उष्ण गुणाचे तीळतेल मानवते आणि उन्हाळ्यात अंगाची आग होणाऱ्याला खोबरेल सुखावते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. पण माणूस काही एका रकान्यात मावत नाही. वैद्य प्रकृतीबरोबर वय, ऋतू, देश, अग्नी, आत्ताची तक्रार हे सगळे पाहतो. दहा प्रश्नांची चाचणी सोडवून ‘माझी पित्तप्रकृती’ म्हणत डिसेंबरात नाशिकच्या थंडीत गोठलेले खोबरेल तव्यावर वितळवत बसणाऱ्याला तक्त्याने मदत केली असे म्हणता येत नाही.

देश हा शब्द इथे महत्त्वाचा. कोकणात आणि गोव्यात हवा दमट, माड दारात, म्हणून खोबरेल. ते साधारण 24 अंशांना गोठते, पण किनाऱ्यावर ती वेळ फारशी येत नाही. त्यातल्या मेदाम्लांत जवळपास निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो, त्यामुळे ते सहसा लवकर खवट होत नाही. ॲटोपिक एक्झिमा असलेल्या मुलांवर फिलिपिन्समध्ये झालेल्या एका चाचणीत खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. मालवणची आजी अंगाला तिळाचे तेल लावत नसेल, तर तिचे ग्रंथाशी वैर नाही. तिच्या हवेला आणि तिच्या अंगणाला जे जुळले, ते तिने घेतले.

घाटावर आणि मराठवाड्यात एक वेगळा पेच आहे. तिथले आपले तेल करडईचे. चरकाने कुसुंभाच्या, म्हणजे करडईच्या तेलाला चांगले म्हटलेले नाही. ते दाह करणारे आणि सगळे दोष वाढवणारे, असा त्याचा शेरा आहे. उलट पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2005 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यांनी 120 नवजात बाळांचे तीन गट केले: एकाला करडईच्या तेलाने मालिश, दुसऱ्याला खोबरेलाने, तिसऱ्याला तेलाशिवाय. दिवसातून चार वेळा, पाच दिवस. नंतर रक्त तपासले, तेव्हा करडईच्या गटात आवश्यक मेदाम्ले वाढलेली दिसली आणि खोबरेलाच्या गटात संपृक्त मेदाम्ले. तेल कातडीवर नुसते बसत नाही, आत जाते, हे आपल्याच गावात मोजून दिसले.

मग चरक चुकला का? मला तसे वाटत नाही. तो शेरा अन्नपानाच्या अध्यायातला आहे, खाण्याच्या तेलाविषयीचा. आणि केईएमच्या अभ्यासाने तेल आत जाते एवढे दाखवले. रोज करडईचे तेल चोळल्याने मोठ्या माणसाचे गुडघे बरे होतात, असे त्यात कुठेही नाही. दोघांनाही आपापल्या जागी ठेवले तर भांडण उरत नाही. लातूरच्या माणसाने घाण्यावरचे ताजे करडईचे तेल अंगाला लावले आणि त्याला ते मानवले, तर त्याला अडवायला माझ्याकडे कारण नाही. फक्त हे तेल हवा लागली की लवकर खवट होते. महिनाभर पुरेल एवढेच आणावे.

चांगले तेल म्हणजे महागडे तेल, हाही समज तपासायला हवा. बदामाच्या पाठोपाठ ऑलिव्ह तेलही मालिशसाठी मराठी घरांत शिरले. ब्रिटनमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर त्वचेचा संरक्षक थर कमकुवत झालेला आढळला. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. ऑलिव्हमध्ये ओलिक आम्ल फार, सूर्यफुलात लिनोलिक जास्त, हे त्यामागचे कारण मानले जाते. तिळाच्या तेलात ही दोन्ही जवळजवळ सारखी असतात आणि सोबत सेसामिनसारखी द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे ते बराच काळ टिकते. जुन्या लोकांनी ते निवडले तेव्हा ही नावे त्यांना ठाऊक नव्हती. टिकाऊपणा मात्र नाकाला कळत होता.

मोहरीच्या तेलाबद्दल मी थोडी कडक आहे. थंडीत ते ऊब देते हे खरे, पण ती ऊब म्हणजे काही अंशी त्वचेची चुरचुर असते आणि नाजूक कातडीवर लाली येते. त्यात भेसळीचा धोका. 1998 साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने लोकांना सूज आली, माणसे दगावली. हे विष नुसते चोळल्यानेही अंगात गेल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. सुटे मोहरीचे तेल अंगाला नको.

आता सिद्ध तेलांची बाजू, कारण माझ्या मताला खरा विरोध इथूनच होतो. नारायण तेल, बला तेल, क्षीरबला, चंदनबलालाक्षादी ही तेले सुगंधी पाण्यासारखी एकत्र ओतून होत नाहीत. शार्ङ्गधराचे प्रमाण असे: कल्क, म्हणजे वाटलेल्या वनस्पतींचा लगदा, एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा दूध सोळा भाग. सगळे मंद आचेवर आटवायचे. कल्काची बोटांवर वात वळता आली पाहिजे, ती विस्तवात टाकल्यावर तडतडता कामा नये, तेलावर फेस आला पाहिजे. तडतड म्हणजे पाणी उरले आणि पाणी उरले की तेल नासते. ही मेहनत घेणारा वैद्य म्हणेल, की साध्या तिळाच्या तेलाची आणि याची तुलनाच नको. आखडलेल्या खांद्याला, पक्षाघातानंतरच्या हाताला, बाळंतपणानंतरच्या कमरेला तो सिद्ध तेल देतो, आणि तेही विशिष्ट दिवस, विशिष्ट शेकाबरोबर. त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण मग ते औषध झाले आणि औषध कोणाला, किती, किती दिवस हे विचारून घ्यायचे असते. दिवाळीच्या भेटसंचात मिळालेले महानारायण तेल सगळ्या घराने वर्षभर चोळणे, हे वैद्याच्या शास्त्रालाही धरून नाही.

घरी कडुनिंबाचा पाला नाहीतर जास्वंद तेलात उकळणाऱ्यांना वरची तडतडीची खूण उपयोगी पडेल. पाला धुऊन सावलीत पूर्ण वाळवल्याशिवाय तेलात घालू नये. बाटलीच्या तळाशी गढूळ थर दिसला तर तेल टाकून द्यावे. त्यात जीव अडकवू नये.

लाकडी घाण्याच्या तेलाचा आग्रह मी धरते, पण त्याचीही दुसरी बाजू आहे. न शुद्ध केलेल्या तेलात बियांची प्रथिने थोडी शिल्लक राहतात. शेंगदाणा किंवा तीळ ज्यांना सोसत नाहीत, त्यांना रिफाइंड तेलापेक्षा घाण्याचे तेल जास्त त्रास देऊ शकते. आणि तीळ भाजून काढलेले गडद, खमंग तेल स्वयंपाकाचे आहे. अंगाला कच्च्या तिळाचे हवे.

बाळांच्या बाबतीत माझे तराजू सरळ एका बाजूला झुकते. टाळू भरणे, पायावर घेऊन हलक्या हाताने चोळणे, न्हाऊ घालणे, या सगळ्यात मायेचा स्पर्श आहे आणि तो जपावा. पण नाकाकानांत तेलाचे थेंब सोडणे आजच थांबवावे. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर घातलेले तेल तान्ह्याला लावू नये. कापराने झटके येऊ शकतात. वाग्भटाने कानात तेल सांगितले ते मोठ्यांच्या दिनचर्येत, आणि तिथेही पडदा फाटलेला असेल तर नाहीच. मालिशवाल्या बाईंना हे सांगताना घरातल्या सुनेला अवघड जाते. सासूबाईंनीच सांगितले तर बरे.

वयस्क आणि मधुमेही लोकांसाठी तर तेलाच्या नावापेक्षा न्हाणीघराची फरशी महत्त्वाची. तळव्यांना तेल लावून ओल्या फरशीवर उभे राहणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ. पायांची संवेदना गेलेली असेल तर तेल कोमट आहे की कढत हे पायाला कळणार नाही. ते मनगटावर पाहावे आणि बोटांच्या बेचक्यांतले तेल पुसून घ्यावे.

यंदा नवे तेल आणलेच असेल, तर वसुबारसेच्या संध्याकाळी त्याचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावावा आणि ती जागा दोन दिवस उटण्याने घासू नये. ॲलर्जीची लाली बऱ्याचदा उशिरा उमटते. चतुर्दशीच्या पहाटे दिवा लावल्यावर ती जागा उजेडात पाहावी आणि मगच वाटी पाटाजवळ आणावी.