डोळे मिटून नेम

तिरंदाजीत ५० मीटरवरचा दहा गुणांचा गोल अवघा ८ सेंटिमीटरचा, आमटीच्या वाटीएवढा. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनच्या अंतिम लढतीत १५ पैकी १४ बाण त्यात रोवले आणि सतराव्या वर्षी ती जगज्जेती झाली. तिच्या अकादमीचं नावही ‘दृष्टी’!

पण दृष्टी म्हणजे ‘मनात चित्र रंगवा, हवं ते मिळेल’ हे आम्हाला पटत नाही. भिंतीवर बंगल्याचा फोटो लावून पायाही खणला जात नाही. जाणता खेळाडू मनात पदक पाहत नाही. खांदा, श्वास, बाण सुटण्याचा क्षण पाहतो. नुसत्या कल्पनेनेही मेंदूतली हालचालीची केंद्रं जागी होतात. पण सराव हवाच. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने २०२४ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. त्यामागे मैदानावरची वर्षं आहेतच. या अंकात सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली अशी मैदानं भेटतील.