शिबिरात न सापडणारा आमवात

कारखान्यात वर्षातून एकदा आरोग्य शिबिर भरवायचं, सगळ्यांचं रक्त काढायचं, ‘संधिवात प्रोफाइल’सकट रिपोर्ट फायलीला लावायचे, आणि कामगारांच्या तब्येतीची काळजी घेतली असं समजायचं. सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीसारख्या वसाहतीत ही समजूत सगळ्यांच्याच सोयीची आहे. मालकाला फोटो मिळतो, लॅबला गिऱ्हाईक मिळतं आणि कामगाराला ‘सगळं नॉर्मल’ असा कागद मिळतो. नुकसान होतं ते ज्याला खरोखर आमवात आहे त्याचं.

आमवात म्हणजे इथे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयाबरोबर गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तिथे सूज धरते, आणि ती सूज महिनोन्‌महिने राहिली तर कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. वाकडं झालेलं बोट औषधाने पुन्हा सरळ होत नाही. म्हणून युरोपातल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा आग्रह असा, की अशी सूज दिसल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचावा आणि तीन महिन्यांत उपचार सुरू व्हावेत. वर्षातून एकदाच येणारं शिबिर या वेळापत्रकात बसवून दाखवावं.

पण शिबिरवाद्यांचा मुख्य मुद्दा रक्ताचा आहे: सगळ्यांची आरए टेस्ट केली तर कोणी सुटणार नाही. याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. याच महामार्गावर पुणे जिल्ह्यात भिगवण आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तिथे जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं, दुखतं म्हणणाऱ्यांना तपासलं. हाडा-सांध्यांचं दुखणं शंभरात सुमारे अठरा जणांना निघालं; आमवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

आता हाच आकडा हजार कामगारांना लावू. आमवाताचे रुग्ण पाच. आरए टेस्ट अशा रुग्णांपैकी साधारण सत्तर टक्क्यांत पॉझिटिव्ह येते, म्हणजे पाचांतले तीन-चार सापडतील. उरलेल्या 995 निरोगी माणसांतही ती शंभरातल्या पाचेक जणांत पॉझिटिव्ह येते, म्हणजे सुमारे पन्नास. हिशेब ढोबळ आहे, पण निष्कर्ष पक्का: पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आलेल्या त्रेपन्न-चौपन्न माणसांपैकी पन्नासांना हा आजारच नाही, आणि ज्या एक-दोघांना आहे त्यांना आपण ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवलं आहे. अँटी-सीसीपी ही महागडी तपासणी निरोगी माणसांत क्वचितच पॉझिटिव्ह येते, हे खरं. पण आजार असूनही निगेटिव्ह येणारे तिच्यातही आहेतच. दोन्ही तपासण्या कामाच्या आहेत, पण सांध्याला हात लावल्यानंतर.

शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांचीही तीच गत. कोविडनंतर सीआरपी हे नाव घराघरांत पोहोचलं. 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेलं हे प्रथिन जंतुसंसर्गातही वाढतं. कुठे आग लागली आहे हे ते सांगत नाही. ईएसआर तर रक्तक्षयातही वाढतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. टॉवेलच्या शिलाईला, चेकिंगला, पॅकिंगला बसलेल्या बायकांचा वाढलेला ईएसआर वाचून आमवाताची शंका घ्यायची, की आधी हिमोग्लोबिन पाहायचं? उलट, हाताचे सांधे सुजलेले असूनही ईएसआर आणि सीआरपी दोन्ही नॉर्मल असणारे रुग्णही पुष्कळ असतात.

दुसरा पक्ष रोखठोक माणसांचा. ते म्हणतात, ‘दिवसभर यंत्रावर उभं राहायचं, गाठी उचलायच्या, मग अंग दुखणारच. कामाचं दुखणं आहे, बाकी काही नाही.’ यातला अर्धा भाग मान्य करायला हवा. भिगवणचे आकडे त्यांच्याच बाजूने बोलतात: बहुतेक दुखणी कष्टाची, झिजेची, ताणाचीच असतात. प्रत्येक दुखऱ्या मनगटाला आमवात ठरवणारा डॉक्टर मला शिबिराच्या लॅबइतकाच धोक्याचा वाटतो. पण ‘कामाचं दुखणं’ म्हटलं की पुढचं विचारणंच थांबतं, तिथे माझा विरोध आहे. शिवाय काम आणि आमवात यांचं नातं इतकं सरळ नाही. मलेशियातल्या एका मोठ्या अभ्यासात (2016) कापडउद्योगातल्या धुळीच्या संपर्कात आलेल्या स्त्रियांत आमवाताचं प्रमाण जास्त दिसलं. सिलिकाची धूळ आणि धूम्रपान यांच्याबद्दल तर पुरावा आणखी जुना आणि भक्कम आहे. सोलापुरासारख्या टॉवेल-चादरीच्या आणि विडीच्या मुलखात ही माहिती कारखान्याच्या डॉक्टरच्या टेबलावर असायला हवी.

मग सापडायचं कसं? विचारून आणि दाबून. झोपून उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात? पाच-दहा मिनिटांत मोकळे होतात, की तासभर मूठच वळत नाही? पाठ्यपुस्तकात ‘सकाळचा ताठरपणा’ लिहिलेला असतो, आणि नाइट शिफ्टच्या कामगाराला डॉक्टर तसंच विचारतो. तो सकाळी आठला घरी जाऊन झोपतो, दुपारी तीनला उठतो, आणि खरेपणाने सांगतो, ‘सकाळी काही नाही, साहेब.’ त्याला ‘झोपेतून उठल्यावर’ असं विचारायला पाहिजे. बायकांना विचारावं, की कणीक मळताना, पिळे घालताना, दोऱ्याची गाठ मारताना पहिल्यासारखं जमतं का? आणि मग हस्तांदोलन करावं तसा हात धरून चारही बोटांच्या मुळांवर आडवा दाब द्यावा. जो माणूस कळवळतो, ज्याच्या तीन-चार सांध्यांवर मऊ सूज हाताला लागते, त्याचं रक्त काढावं. चिकुनगुनियाची साथ येऊन गेली असेल तर तेही विचारावं. 2006 च्या साथीनंतर महाराष्ट्राने पाहिलं आहे, की त्याने सुजलेले सांधे आमवाताची हुबेहूब नक्कल करतात.

कंबरेचंही तसंच. गाठी उचलणाऱ्याची कंबर कामाने दुखते आणि विश्रांतीने बरी होते. पंचविशीतल्या एखाद्या मुलाची कंबर मात्र तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, पहाटे दुखण्याने जाग येत असेल आणि कामाला लागल्यावर ती सैल होत असेल, तर तो कामचुकार नाही आणि त्याला बेल्टही नको. तो मणक्यांच्या दाहाचा रुग्ण असू शकतो, आणि हा आजार ओळखायला जगभर वर्षं लागतात.

तिसरी समजूत सगळ्यांत गोड आहे: गोळीने दुखणं थांबलं, म्हणजे आजार आटोक्यात आला. बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असलं तर दुखणं एका रात्रीत थांबतंच. त्यात चमत्कार नाही. 1948 मध्ये कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं गेलं ते आमवाताच्याच रुग्णाला, आणि त्यावर 1950 चं नोबेलही मिळालं. स्टेरॉइड वाईट नाही; मोजल्याशिवाय, बेमुदत घेतलेलं वाईट. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी बंद केली की सूज दुप्पट जोमाने परत येते.

खरं औषध बहुतेकांसाठी मेथोट्रेक्सेट. ते जुनं आहे, स्वस्त आहे, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचं आहे. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून द्यावा, तोही मराठीत, आणि कामगार हिंदी भाषक असेल तर हिंदीत. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. शिबिरातला रक्ताचा खर्च इथे वळवला, तर तो सत्कारणी लागेल.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, मोठ्या शहरातल्यासारखी देखरेख इथे परवडणार कशी? आजार किती सक्रिय आहे हे मोजायची सीडीएआय नावाची पद्धत आहे, तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. ठरलेल्या 28 सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती हे मोजायचं. रुग्णाने स्वतःच्या त्रासाला दहापैकी आकडा द्यायचा, डॉक्टरने आपला द्यायचा, आणि चारांची बेरीज करायची. 2.8 पर्यंत आजार शांत, 10 पर्यंत सौम्य, 22 च्या वर तीव्र. सवय झालेल्या डॉक्टरला याला पाचेक मिनिटं लागतात. दर महिन्या-दोन महिन्यांनी हा आकडा लिहावा, उतरत नसेल तर औषध बदलावं. 2010 पासून जगभरातले तज्ज्ञ लक्ष्य ठरवून उपचार करा म्हणतात, ते हेच.

उरतो तो आक्षेप, ज्याला मी हलक्यात घेत नाही. कामगारच म्हणतो, ‘आजार कळला तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल.’ कंत्राटी माणसाची ही भीती शंभर टक्के व्यवहारी आहे, आणि तिच्यापुढे माझी वरची सगळी युक्तिवादाची इमारत डळमळते. ज्याच्या पगारातून राज्य कामगार विम्याचा पाऊण टक्का कापला जातो, त्याला आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन मिळू शकतं. पण कार्डच नसलेल्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून माझी मागणी शिबिर बंद करा एवढ्यावर थांबत नाही. तपासणी कारखान्याच्या डॉक्टरने करावी, पण सांध्यांचा तक्ता कामगाराच्या हातात राहावा. एचआरकडे जावा तो फक्त ‘कामास योग्य’ किंवा ‘अमुक काम काही आठवडे नको’ एवढाच शेरा. बोटांची सूज उतरेपर्यंत बाईला शिलाईवरून मोजणीवर बसवता येतं. आणि विम्याचं कार्ड नसलेल्या माणसाचं रक्त काढण्याआधी ठेकेदाराकडून त्याचं कार्ड काढून घ्यावं.