पातं हलतंय... पण कुठल्या दिशेने?

मित्रांनो, फर्स्ट इयरपासून आपण 'लिमिट्स, फिट्स अँड टॉलरन्सेस' घोकतोय. एच ७ - जी ६ म्हणजे क्लिअरन्स फिट, हे कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू! पण घरातला घडीचा चाकू लूज झाला तर त्याचं काय करायचं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मी विचारून पाहिलं. उत्तरं दोनच मिळाली. एक, "फेकून दे, ऑनलाइन नवा मागव." दुसरं, "चालतंय की, काय होतंय!" माझ्या मते ही दोन्ही उत्तरं इंजिनीअरला शोभणारी नाहीत. पहिल्याने चांगली वस्तू वाया जाते आणि दुसऱ्याने बोट जाऊ शकतं.

मी शिरूर तालुक्यातला आणि मामाचं गाव दौंड तालुक्यात. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्याने भीमा ओलांडली की आलंच. नदीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, शेतात राबणाऱ्या माणसाच्या खिशात घडीचा चाकू असतोच. कोयता, विळा, खुरपं वस्तीवर राहतं, चाकू मात्र दिवसभर सोबत. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, मोटारीच्या केबलचं वरचं आवरण सोलायचं, सुतळी तोडायची... दिवसातून वीस वेळा उघडझाप. मग पात्याचा खिळा झिजणार नाही तर काय होईल!

आता जरा आपल्या भाषेत बघू. घडीच्या चाकूत पातं एका पिनवर फिरतं. पिनच्या दोन्ही बाजूंना मुठीच्या आतल्या दोन पट्ट्या असतात, त्यांना लायनर म्हणतात. पातं या दोघींच्या मध्ये दाबून बसलेलं असतं. पट्ट्या घट्ट असतील तर पातं फिरत नाही, सैल असतील तर डुलतं. म्हणजे थोडी फट ही हवीच. शून्य फटीचा चाकू उघडणारच नाही!

पण ही 'थोडी' फट टोकाला किती मोठी दिसते, त्याचा हिशोब करा. पात्याचा मुठीत बसणारा भाग साधारण १० मिलिमीटर धरा आणि पिनपासून टोक ८० मिलिमीटर. मामाच्या चाकूत मी फीलर गेज घालून पाहिलं, फट भरली ०.१ मिलिमीटर. (गेज दिलं रांजणगाव एमआयडीसीत कामाला असलेल्या चुलतभावाने.) तरफेच्या नियमाने टोक हलणार आठपट, म्हणजे ०.८ मिलिमीटर. हाताला ते चांगलंच जाणवतं आणि माणूस म्हणतो, "गेला चाकू!" प्रत्यक्षात बिघाड आहे जाड कागदाएवढ्या फटीचा. एवढ्यासाठी वस्तू फेकायची?

हा झाला आडवा प्ले, पातं डावीकडे-उजवीकडे हलणारा. त्याने काप वाकडा जातो, चिडचिड होते, पण चाकू अचानक मिटत नाही. खरी भीती उभ्या प्लेची. चाकू उघडून लॉक करा, धारेवर जाड चिकटपट्टी लावा आणि पातं वर-खाली हलवून बघा. 'टक् टक्' झालं तर पिनचं भोक लांबट झालंय किंवा लॉकचा खाचेत बसणारा भाग झिजलाय. असं लॉक जोर पडला की निसटू शकतं आणि पातं मिटतं ते थेट बोटांवर. मामाच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका दादाचं असंच झालं. नळी कापता कापता चाकू मिटला आणि तर्जनीची शीर तुटली. ऑपरेशन झालं, टाके भरले, पण ते बोट आजही पूर्ण वाकत नाही. त्या हाताने तो गाईचं दूध काढायचा. 'चालतंय की' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आडवा प्ले असेल तर दुरुस्त करा, उभा प्ले असेल तर लॉकवरचा विश्वास त्याच दिवशी काढून घ्या.

दुरुस्ती काही रॉकेट सायन्स नाही. पिनच्या जागी स्क्रू असेल तर आधी रॉकेलने सांधा धुवा, कारण कधी कधी कचराच पट्ट्या फाकवून बसलेला असतो. मग स्क्रू एकदम न आवळता जरा-जरा आवळा आणि दर वेळी पातं फिरवून बघा. स्क्रू सारखा सैल होत असेल तर आट्यांवर थ्रेडलॉकरचा एक थेंब टाका, तोही निळा. लाल टाकलात तर पुढच्या वेळी स्क्रू उघडायला तापवत बसावं लागेल. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब.

रिव्हेट असेल तर लोक हात टेकतात. खरं तर इथे आपली आजी-आजोबांची पिढी आपल्या पुढे होती! अडकित्ता आठवा. त्याचा सांधा म्हणजे रिव्हेटच. सैल झाला की आजोबा तो दगडावर ठेवून खिळ्यावर हलक्या हाताने दोन टोले द्यायचे. चाकूचंही तेच. रिव्हेटचं एक डोकं ऐरणीवर टेकवा, दुसऱ्यावर बॉल पेन हॅमरने हलके ठोके द्या. पातं आणि पट्टीच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवून ठेवा, म्हणजे फिरण्यापुरती फट शिल्लक राहते. दोन-तीन ठोक्यांनंतर थांबून बघायचं. मामाचा चाकू मी असाच केला. खर्च शून्य रुपये!

भोकच लांबट झालं असेल तर मात्र ठोकून उपयोग नाही. भोक मोठं करून जाड पिन घालावी लागते, आणि पातं हार्डन केलेलं असल्यामुळे साधं ड्रिल तिथे हरतं, कार्बाइडचं लागतं. एवढा खटाटोप परवडत नसेल तर तो चाकू निवृत्त करा, माझी हरकत नाही. पण तपासून मगच.

काही मित्र विचारतील, "चाकू बाळगतोस? गुंड आहेस का?" कोयता गँगच्या बातम्या वाचून ही शंका येणं साहजिक आहे. कायदाही माहीत असावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांना लागू होतात आणि घरकाम-शेतीकामाची अवजारं त्यांतून वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात, तेव्हा चाकू-काठी बाळगायलाही मनाई होऊ शकते. म्हणून शेतात खिशात, पण सभेत, जत्रेत किंवा कॉलेजात नाही, हा माझा नियम. अवजार आणि हत्यार यांतला फरक पात्यात नसतो, जागेत आणि हेतूत असतो.

आणि आता एक सूचना, मास्तर मंडळींनी रागवू नये! वर्कशॉपमध्ये आपण दोन-दोन आठवडे एमएसची पट्टी कानशीने घासून मेल-फीमेल जॉब करतो. मार्क मिळतात आणि जॉब भंगारात जातो. त्याऐवजी प्रत्येकाने घरून एक सैल वस्तू आणावी. चाकू नको असेल तर अडकित्ता, कात्री, सांडशी काहीही. फट मोजावी, कारण लिहावं, दुरुस्त करावी आणि पुन्हा मोजावी. फिट्स, रिव्हेटिंग, मेट्रॉलॉजी सगळं त्यात आलं. शिवाय ती वस्तू परत जाईल ती आईच्या, मामाच्या हातात. तिथे व्हायव्हा रोज होते आणि एक्स्टर्नल कुणाला सोडत नाही!

बघा पटतंय का. आणि हो, या सुट्टीत गावी गेलात तर घरातल्या माणसाचा चाकू हातात घेऊन एकदा वर-खाली हलवून बघा.