संघ आणि संमती

ब्रिटनच्या मतदारांनी २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते राष्ट्र संघाबाहेर पडले. या कौलाची मीमांसा करताना पुष्कळांनी सारा दोष मतदारांच्याच पदरात टाकला. परकीयांविषयीचा आकस, गेलेल्या साम्राज्याची हळहळ आणि प्रचारातील दिशाभूल या तीन कारणांत त्यांनी हा प्रश्न निकालात काढला. ही कारणे खोटी नव्हेत. दर आठवड्याला पस्तीस कोटी पौंड ब्रसेल्सला जातात, हा प्रचारातील आकडा ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करताच सांगितला जात होता आणि त्या देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानेच तो दिशाभूल करणारा ठरविला होता. परंतु एखाद्या संघाविषयीचा रोष चाळीस वर्षे साचत राहतो, तेव्हा त्याचे मूळ एका मोहिमेतील असत्यात शोधून भागत नाही.

हे मूळ प्रवेशाच्या इतिहासात सापडते. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग ही सहा राष्ट्रे १९५१ साली कोळसा व पोलाद यांच्या सामायिक व्यवस्थेसाठी एकत्र आली, तेव्हा महायुद्धाच्या जखमा ओल्या होत्या. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढले होते. सार्वभौमत्वाचा काही अंश सोडणे ही त्यांच्या लेखी शांततेची किंमत होती. ब्रिटनची गोष्ट निराळी होती. त्याच्या भूमीवर शत्रूचे राज्य आले नव्हते आणि पार्लमेंट हे त्याच्या अभिमानाचे स्थान होते. १९५७ च्या रोम कराराच्या वेळी ब्रिटन अलिप्त राहिले. पुढे आर्थिक पीछेहाट जाणवू लागल्यावर त्याने दार ठोठावले, तेव्हा द गॉल यांनी १९६३ व १९६७ साली ते दोनदा लावून घेतले. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी हीथ यांच्या हुजूर सरकारने प्रवेश मिळविला आणि १९७५ साली विल्सन यांच्या मजूर सरकारने घेतलेल्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या मतपत्रिकेवर युरोपीय समुदायापुढे कंसात ‘सामायिक बाजारपेठ’ असे शब्द होते. सार्वभौमत्वाचा मुद्दा डावीकडून टोनी बेन आणि उजवीकडून इनॉक पॉवेल यांनी मांडला. पण सामान्य मतदारापुढे आला तो मुख्यतः किमतींचा आणि रोजगाराचा प्रश्न. ज्याला होकार दिला ती बाजारपेठ होती. जे वाढीस लागले ते राजकीय ऐक्य होते.

या दोहोंतील अंतर कायद्याच्या क्षेत्रात प्रथम उघडे पडले. पार्लमेंटने केलेला कायदा कोणतेही न्यायालय बाजूला सारू शकत नाही, हे डायसीचे सूत्र ब्रिटनमधील विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या शिकत आले होते. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या स्पॅनिश मालकीच्या बोटी ब्रिटनच्या वाट्याचे मासे पकडतात, म्हणून पार्लमेंटने १९८८ साली त्यांच्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. १९९० साली युरोपीय न्यायालयाच्या निर्णयानुसार ब्रिटनच्याच न्यायालयाला त्या कायद्याची अंमलबजावणी रोखावी लागली. कायद्याच्या दृष्टीने यात अनपेक्षित काही नव्हते, कारण पार्लमेंटनेच १९७२ साली युरोपीय कायद्याचे श्रेष्ठत्व मान्य केले होते. परंतु मच्छीमाराला त्याचा अर्थ एवढाच कळला की, ज्या खासदाराला आपण निवडून देतो त्याच्या हाती आता आपले गाऱ्हाणे दूर करणे उरलेले नाही. ग्रिम्सबी आणि हल या बंदरांच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण आइसलँडने १९७५ साली २०० मैलांपर्यंत वाढविलेली सागरी हद्द हे होते, हे खरे. पण आइसलँडवर राग काढून काही हाती लागणार नव्हते. ब्रसेल्सवर मात्र तो काढता येत होता.

लोकांच्या येण्याजाण्याच्या बाबतीत हेच घडले. २००४ साली पूर्व युरोपातील आठ राष्ट्रे संघात आली, तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच त्यांच्या कामगारांना तात्काळ मुक्तद्वार दिले. वर्षाकाठी निव्वळ ५ ते १३ हजार लोक येतील, असा सरकारसाठी केलेला अंदाज होता. प्रत्यक्षात काही वर्षांतच येणाऱ्यांची संख्या लाखांवर गेली. शेतांतून आणि भाजीपाल्याच्या कारखान्यांतून त्यांना काम मिळाले, त्या लिंकनशायरमधील बॉस्टन या गावाने २०१६ साली ७५.६ टक्के मते संघाविरुद्ध दिली. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे गोव्यातील शेकडो कुटुंबे ज्या स्विंडन शहरात स्थायिक झाली, तेथेही बहुमत संघाविरुद्धच गेले. स्वस्त श्रमाचा लाभ साऱ्या देशात विभागला गेला. शाळा, दवाखाने आणि घरभाडे यांवरील ताण मात्र मोजक्या गावांना सोसावा लागला. आमच्या गावाला कोणी विचारले होते, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

हा केवळ ब्रिटनचा हट्टीपणा असता तर गोष्ट निराळी होती. डेन्मार्कच्या मतदारांनी १९९२ साली मास्ट्रिख्टचा करार नाकारला; काही सवलती दिल्यावर पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा विचारण्यात आले. फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी २००५ साली युरोपीय राज्यघटनेला नकार दिला. तिच्यातील बहुतेक तरतुदी २००७ च्या लिस्बन करारात परत आल्या. आयर्लंडने तो करार २००८ साली फेटाळला आणि २००९ साली तेथे पुन्हा मतदान झाले. ग्रीसने २०१५ च्या जुलैत ऋणकोंच्या बाजूने, धनकोंच्या अटींविरुद्ध ६१ टक्के मते दिली. तरीही काही दिवसांतच तेथील सरकारला तशाच कठोर अटी पत्कराव्या लागल्या. दुसऱ्यांदा विचारणे हे लोकशाहीविरोधी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु नकार आला तरच पुन्हा विचारायचे आणि होकार आला की प्रश्न कायमचा मिटला असे मानायचे, यामुळे विचारण्याच्या हेतूविषयीच शंका उत्पन्न होते.

यावर संघाच्या समर्थकांचे उत्तर वजनदार आहे. संघ कोणी लादलेला नाही, मंत्रिपरिषदेत प्रत्येक राष्ट्राचे निर्वाचित सरकार बसते आणि १९७९ पासून युरोपीय संसद थेट निवडली जाते. हे सारे खरे आहे. पण प्रश्न प्रतिनिधित्वाचा असतो, तितकाच उत्तरदायित्वाचाही असतो. सत्ताधाऱ्यांना हटवायचे कसे, हा टोनी बेन यांचा नित्याचा प्रश्न होता. लंडनमधील सरकार मतदार पाडू शकतो. ब्रसेल्समधील धोरण त्याने कोणत्या मतपेटीतून बदलावे? त्यात राष्ट्रीय नेत्यांनी भर घातली. बहुमताने निर्णय घेण्याची व्याप्ती वाढविणाऱ्या १९८६ च्या करारास थॅचर सरकारनेच संमती दिली आणि १९८८ साली ब्रूझ येथील भाषणात थॅचर यांनीच युरोपीय महासत्तेविरुद्ध इशारा दिला. त्यांच्यानंतरच्या सरकारांनीही परिषदेत मान डोलवावी आणि मायदेशी येऊन ब्रसेल्सकडे बोट दाखवावे, हाच परिपाठ ठेवला. चाळीस वर्षे ज्याला दोष दिला, त्याच्याच बाजूने मत द्या, असे २०१६ साली सांगितल्यावर ते लोकांना पटले नाही, यात नवल नाही.

बाहेर पडल्याने हा प्रश्न सुटला काय? जून २०२३ अखेरच्या वर्षात ब्रिटनमध्ये निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेले आणि त्यात युरोपबाहेरून आलेल्यांचाच भरणा होता. उत्तर आयर्लंडला मालाच्या बाबतीत युरोपीय नियम पाळावे लागतात. ते नियम करणाऱ्या सभेत ब्रिटनला आता आसनही नाही. त्याहून बोलका अनुभव स्कॉटलंडचा. तेथील ६२ टक्के मतदारांना युरोपीय संघात राहायचे होते. तरी एकूण ब्रिटनच्या बहुमताने त्यांना बाहेर नेले. २०१४ साली ५५ टक्के मतांनी ब्रिटनमध्ये राहण्याचे ठरविणाऱ्या स्कॉटिश जनतेपैकी अनेकांना आता लंडनविषयी तेच वाटते, जे इंग्लंडमधील मतदाराला ब्रसेल्सविषयी वाटत होते. संघ बदलला, गाऱ्हाणे तेच राहिले.

म्हणून अशा रोषाला केवळ जमाखर्चाचे कोष्टक पुढे करून उत्तर देता येत नाही. संघातील सदस्यत्व फायद्याचे आहे हे सिद्ध केल्याने ते आपले आहे अशी भावना निर्माण होत नाही. कोणता अधिकार कोठे जात आहे हे आधी उघडपणे सांगणे, त्याचा भार ज्या गावांवर पडतो त्यांना मदत पोचविणे आणि स्वतः घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या लोकांपुढे स्वीकारणे, ही कामे ब्रसेल्सची नव्हेत. ती प्रत्येक राष्ट्राच्या राज्यकर्त्यांची आहेत. ती टाळून मिळविलेली संमती कागदावर कितीही पक्की असली, तरी पहिल्या कसोटीच्या प्रसंगी ती ढासळते. ब्रिटनमध्ये ती २०१६ साली ढासळली आणि जे राज्यकर्ते तिच्यावर विसंबून होते, त्यांना त्याचा सुगावा मतमोजणीच्या रात्री लागला.