विश्लेषण : अंगणवाडीच्या वयाला मराठी कार्यक्रम का हवा?

नवीन जालन्यातले चार वर्षांचे मूल टीव्ही किंवा मोबाइल पाहणारच. प्रश्न असा की, त्याला तिथे काय दिसते आणि कोणत्या भाषेत?

'सेसमी स्ट्रीट'ने वेगळे काय केले?
अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमासाठी जोन गँझ कूनी यांनी शिक्षणतज्ज्ञ, निर्माते आणि संशोधकांना एकत्र बसवले. प्रसारणाआधी कार्यक्रम मुलांना दाखवला जाई. शेजारच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी दुसरे चित्र येई. मुलांची नजर तिकडे वळली, की तो प्रसंग फसला असे समजले जाई.

परिणाम काय झाला?
मेलिसा केअर्नी आणि फिलिप लेव्हिन यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार, प्रक्षेपण नीट पोहोचलेल्या भागांतील अधिक मुले वयानुरूप इयत्तेत होती. वंचित भागांत हा फायदा जास्त दिसला. पुढील आयुष्यावरील परिणामाबाबत मात्र ठाम निष्कर्ष निघाला नाही.

आपल्याकडे काय घडले?
२००६ मध्ये 'गली गली सिम सिम' आली, ती हिंदीत. गणवेशातली पाच वर्षांची चमकी त्यातूनच घरोघरी गेली. पुण्यातील बालचित्रवाणी १९८४ पासून मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करत होती. २०१७ मध्ये तिला टाळे लागले. करोनाकाळात, २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली, पण ती पहिली ते आठवीसाठी. अंगणवाडीचे वय त्यात नव्हते.

मोबाइलवर बालगीते आहेत, मग अडचण कुठे?
तिथे किती वेळा पाहिले हे मोजले जाते. मूल काय शिकले, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानले. पाया म्हणायचे आणि त्यासाठी काहीच बांधायचे नाही, हे विसंगत आहे.

मग करायचे काय?
पंधरा मिनिटांचा मराठी कार्यक्रम सह्याद्रीवर सुरू करावा. प्रत्येक भाग आधी कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरील अंगणवाड्यांत दाखवावा. घरी मराठवाडी बोली, उर्दू किंवा बंजारा बोलणारी मुले कुठे हसतात, कुठे कंटाळतात, हे सेविकांनी टिपावे आणि त्यानुसार भाग बदलावा. कार्यक्रम अंगणवाडी सेविकेची जागा घेणार नाही; तिच्या हाती एक साधन देईल. जालन्याला सोन्याचा पालना म्हणतात. त्या पालन्यातल्या मुलांसाठी एवढा खर्च सरकारला जड नाही.