पिवळा नको, निळा चालेल!

मॅक्डीचा 'एम' कुठल्या रंगाचा? हा काय प्रश्न झाला, पिवळा! केजीतलं पोरगंही सांगेल. पण एक शहर असं आहे, जिथे तो चक्क हिरवट-निळा आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं सेडोना. चहूबाजूंनी लालभडक खडकांचे डोंगर आणि मध्ये कोरड्या वाळवंटी मुलखात वसलेलं जेमतेम दहा हजार वस्तीचं शहर. १९९३ मध्ये मॅक्डोनाल्ड्स तिथे आलं, तेव्हा शहराचं म्हणणं साधं होतं. बर्गर खुशाल विका, पण तो भडक पिवळा आमच्या डोंगरांपुढे नको! एवढी बडी कंपनी, पण तिनेही मुकाट रंग बदलला. फिनिक्सला आयटीत असलेला तुमचा एखादा मित्र लाँग वीकेंडला सेडोनाला जाऊन आला असेल, तर त्याच्याकडे हा फोटो हमखास सापडेल.

ही झोनिंगची ताकद. आता झोनिंग म्हटलं, की आपल्याला जांभई येते. आर झोन, एफएसआय, एनए प्लॉट ही बिल्डर आणि नगरसेवकांची भाषा, आपल्याला काय त्याचं? पण बॉस, आपण ऑफिसपासून किती लांब राहतो आणि पगारातला किती लचका घरभाडं तोडतं, हे बरंचसं त्याच कंटाळवाण्या कागदांवर ठरतं. कुठल्या जमिनीवर काय बांधायचं, किती उंच, एका प्लॉटवर किती घरं, सगळं तिथेच.

सेडोनाने हे नियम मन लावून केले. घरांना फार उजळ रंग नको. रस्त्यावरचे आणि घराबाहेरचे दिवे खाली तोंड करून, म्हणजे रात्री आभाळभर चांदण्या दिसायला हव्यात. २०१४ मध्ये या शहराला 'डार्क स्काय कम्युनिटी' असा आंतरराष्ट्रीय मानही मिळाला. भोवती कोकोनिनो राष्ट्रीय वन, त्यामुळे शहराला हातपाय पसरायला जागा नाही. आतली बरीच जमीन एकेका कुटुंबाच्या बंगल्यांसाठी राखलेली. थोडक्यात, सगळं कसं फोटोत शोभेल असं. मग टुरिस्ट येणारच. दरवर्षी लाखोंनी येतात.

खरी गोची इथून पुढे. सेडोनात एक महिन्यापेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने द्यायला बंदी होती. २०१६ मध्ये अ‍ॅरिझोना राज्याने कायदा केला, की अशी बंदी कुठल्याही शहराला घालता येणार नाही. झालं! घरमालकांनी हिशेब केला. वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा वीकेंडचा पाहुणा जास्त पैसे देतो. आज तिथे साधारण दर सहा घरांमागे एक घर पाहुण्यांसाठी आहे. २०२२ मध्ये राज्याने शहरांना परवाने देण्याचा अधिकार दिला, पण बंदीचा नाही. मालकांनी घर स्थानिक कामगारांना वर्षभरासाठी द्यावं, म्हणून शहराने रोख बक्षीसही देऊ केलं.

मग त्या पाहुण्यांना कॉफी देणारा, हॉटेलातल्या चादरी बदलणारी, सुपरमार्केटच्या काउंटरवर उभा असलेला, ही माणसं राहतात कुठे? काही जण रोज लांबून येतात. आणि काही जण गाडीत झोपतात. हो, नोकरी आहे, पगार आहे, पण घर नाही. तेव्हा शहरात गाडीत मुक्काम करायला मनाई होती आणि जंगलात दोन आठवड्यांच्या वर थांबता येत नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये नगर परिषदेने एक तोडगा काढला. बंद पडलेल्या एका ओपन एअर थिएटरची जागा शहराच्याच मालकीची होती. तिचा झोन तात्पुरता बदलायचा आणि तिथे रात्री चाळीस गाड्या उभ्या करू द्यायच्या. त्याही फक्त सेडोनात नोकरी करणाऱ्यांच्या. सोबत टॉयलेट आणि शॉवर. फार मोठं काही नाही, एका मॉलच्या पार्किंगचा कोपरा म्हणा ना. पण विरोधकांनी सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर मतदान झालं. मतदारांनी प्रस्ताव उडवून लावला.

विरोध करणारे सगळे दुष्ट होते, असं समजू नका. गाडीत झोपणं हा घराला पर्याय नाही, पक्की घरं बांधा, असंही त्यांच्यातले काही म्हणत होते, आणि त्यात तथ्य आहेच. पण घर बांधायला वर्षं लागतात, झोप मात्र आज रात्रीच हवी असते. डोंगर दिसावा म्हणून ज्या शहराने जगातल्या बलाढ्य कंपनीचा रंग बदलला, त्याला आपल्याच कामगारांसाठी चाळीस गाड्यांची जागा काही देता आली नाही.

आपल्याकडे लोणावळा, अलिबाग, गोवा इथे वीकेंडला घर बुक करताना आपण स्विमिंग पूल बघतो, रेटिंग बघतो. या वेळी चेक-आउट करताना खोली आवरायला येणाऱ्या ताईंना सहज विचारून बघा, "तुम्ही राहता कुठे? इथून किती लांब?" आणि आपल्या शहराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर होईल, तेव्हा तो पेपरमधला बारीक टायपातला मजकूर एकदा वाचा. आपली सही तिथे चालते, आणि फुकट चालते!